अकरा पावलं

एन्डेल, तुझ्या खुब्यात आता जे बसवलंय
ते मला दोन वर्षांपूर्वी बसवलं, डावीकडे.
तेव्हा ते हॉस्पिटलचं पुस्तक जरा मिटून ठेव
आणि ऐक. चहा निवला तरी चालेल.

तिसऱ्या आठवड्यात तू रडशील.
कशावरून, ते आधी सांगता येत नाही.
मी मोज्यावरून रडले.
करड्या लोकरीचा, बाजारातून आणलेला साधा मोजा,
माझ्या अंगठ्यापासून हातभर लांब पडलेला,
आणि वाकायचं नाही, असं बजावलेलं.
चाळीस वर्षं मी फेरीबोटीच्या खिडकीत तिकिटं फाडली,
आपल्या बेटापासून पलीकडचा किनारा सव्वा तास,
पण तो समुद्र मला कधी
एवढा रुंद वाटला नव्हता.

शेवटी काठीच्या टोकाने ओढला. अर्धा तास लागला.
आता उभ्या उभ्या चढवते, एका पायावर,
आणि कुणी बघत असेल तर जरा जास्तच वेळ तशी राहते.

मांडी जांभळी पडेल, मग शेवाळी, मग पिवळी.
रंग खाली खाली उतरत घोट्यापाशी येतात.
त्याला भिऊ नकोस.
पण पोटरी लाल होऊन तापली, टणक लागली,
तर मला नको, दवाखान्यात फोन कर. लगेच.
रात्र आहे, रविवार आहे, असलं काही मनात आणू नकोस.

जिन्याचं त्रीनूने शिकवलं असेल,
मलाही त्याच पोरीने शिकवलं:
चढताना शहाणा पाय आधी, उतरताना खुळा.
मी अजून पुटपुटते, चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा.
पाद्रीबुवांना वाटतं प्रार्थना चाललीय.

तू म्हणतोस, होडीची कुजकी फळी बदलावी तसंच हे.
साठ होड्या बांधल्यास, तुला तसंच दिसणार.
पण होडीला पहाटे तीनला ठणका लागत नाही रे.
होडी उताणी पडून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन,
छताच्या लाकडातल्या गाठी मोजत नाही.
परवा म्हणालास, सतरा.
माझ्या छताला बावीस आहेत.
एका रात्री तेवीस भरल्या, ती कोळ्याची जाळी निघाली.

मग एक दिवस मोजायच्या राहून जातात.
कधी, ते कळत नाही. सकाळी जाग येते
आणि आधी भूक आठवते,
पाय नंतर.

सौनाचं विचारू नकोस, जखम नीट भरू दे.
मग आधी खालच्या फळीवर, म्हाताऱ्यासारखा.
वरची फळी कुठे पळून जात नाही.
आणि रस्त्यावर काच पसरल्यासारखा बर्फ आहे तोवर
अंगण ओलांडायचं नाही. पेर्याची बढाई ऐकू नकोस,
दहाव्या दिवशी लाकडं फोडली म्हणतो;
त्याची बायको वेगळंच सांगते.

माझी बर्फावरची ढकलखुर्ची शेडमध्ये आहे,
पोलादी पट्ट्यांना मी मेण लावून ठेवलंय.
यंदा नाही. यंदा खिडकीतून बघ.
पुढच्या हिवाळ्यात मी बसेन पिशव्या मांडीवर घेऊन,
तू ढकल, दुकानापर्यंत.
परत येताना चढ आहे, तो आपण वाटून घेऊ.

आता एक कबुली.
मघाशी मी दाराशी इतका वेळ खटपट करत होते ना,
कडी गोठलीय म्हणून ओरडले,
ती गोठली नव्हती.
हातमोजा दाताशी धरून मी नुसती उभी होते,
आतून तुझ्या कुबड्या ऐकत.
टक, टक, पाऊल. मध्ये थांबलास,
कपाटाला काहीतरी बोललास,
पुन्हा निघालास.

सोमवारी मी किल्लीने दार उघडून आत आले होते.
आज तू उघडलंस.
अकरा पावलं, एन्डेल.
शेवटची दोन
तू चिडून टाकलीस, म्हणून जरा मोठी पडली.